हळदीतला सिनेमा

गंगाबाईला सिनेमात घेतलं ते शिकवणीसाठी. ठाण्याहून आलेल्या नटीला चुंबळ कशी वळायची, मासळीची पाटी डोक्यावर कशी घ्यायची आणि ती घेऊन मान न हलवता कसं बोलायचं, हे चार दिवस दाखवायचं आणि आपल्या कामाला लागायचं, एवढंच ठरलं होतं. पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात ती तीस-बत्तीस वर्षं बसत होती. माहेर मोऱ्याचं, सासर पनवेल कोळीवाड्यातलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा बंदरात कामाला. सिनेमा तिनं शेवटचा कधी पाहिला होता ते तिलाही आठवत नव्हतं.

सिनेमा काढणारी पोरगी रंजिता घरत, गव्हाणची. आजोबांची मिठागरं होती, ती गेली. काका शिवा आता बिल्डर. रंजिता पनवेलमध्ये एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या वराती आणि मंगलाष्टकं कापायची, जोडायची, आणि रविवारी स्वतःचा सिनेमा काढायची. कॅमेरा धरायला प्रितम, तोही लग्नातलाच. शिवाकाकाची करंजाड्याला एक इमारत अर्धवट उभी होती. भिंती झालेल्या, लिफ्ट बसायची होती. रविवारी मजूर नसायचे, म्हणून काकानं जिना मोकळा करून दिला. "पडला कोन तर माजं नाव घेव नका," एवढीच त्याची अट.

गोष्ट साधी होती. मासे विकणारी एक बाई मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येते. सोसायटी ठराव करते की मासळीची पाटी लिफ्टमधून न्यायची नाही. मग बाई रोज पाटी घेऊन अकरा मजले चढते. कुणाशी भांडत नाही, अर्ज करत नाही, चढते.

चौथ्या रविवारी ठाण्याची नटी पाचव्या मजल्यावर बसली ती उठेचना. कंबरेत उसण भरली होती. पाटीत खाली थर्माकोल घाला आणि वर चार मासे ठेवा, असं तिचं म्हणणं. रंजितानं तिला पाणी दिलं, गाडीत बसवलं आणि गंगाबाईला म्हणाली, "मावशी, तुम्ही एकदा खालपासून वरपर्यंत चढून दाखवा. मला बघू दे तरी, माणूस कुठं थांबतं."

गंगाबाई चढली. प्रितमनं कॅमेरा चालूच ठेवला होता, ते तिला ठाऊक नव्हतं. आठव्या मजल्यावर तिनं पाटी कठड्यावर टेकवली, पदरानं मान पुसली आणि खिडकीच्या मोकळ्या भोकातून बाहेर पाहिलं. खाली खाडी पसरली होती, तिच्या कडेला कोळीवाड्याचे पत्रे. ती कुणाला असं नाही, पण बोलली, "खारीचा नजारा दाखवून घर इकतान, नि खारीची मासली जिन्यानं."

रंजितानं ते त्या संध्याकाळी स्टुडिओत पाचसहा वेळा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात हजर. गंगाबाई पापलेटांवर पाणी मारत होती.

"मावशी, सिनेमात तुम्हीच करा."

"काय करू?"

"चढायचं. बोलायचं."

"त्याला बाई कनाला ठेवली व्हती मंग?"

रंजिता हसली आणि तिनं अर्धा डझन बांगडे घेतले, जे तिला नको होते.

त्यानंतर दोन वर्षं रविवार रविवार करत सिनेमा झाला. रंजिता कागदावर संवाद लिहून आणायची, वाचून दाखवायची, आणि गंगाबाई ऐकून घेऊन म्हणायची, "असं कोन बोलतं?" मग तेच ती आपल्या तोंडानं सांगायची आणि रंजिता कागद घडी घालून पर्समध्ये ठेवायची. शेवटी शेवटी तिनं कागद आणणंच सोडलं. गंगाबाईचे गुडघे दुखायचे, सोमवारी बाजारात ती स्टुलावर बसायची आणि शेजारची भामा विचारायची, "काल कितवा माला?" भामा तिची बाजारातली जुनी जोडीदारीण, पाटीला पाटी लावून बसणारी. सिनेमाचं नाव ठरलं "अकरा माले". माळे नाही, माले. गंगाबाई म्हणायची तसं.

सिनेमा कोल्हापूरला एका महोत्सवात दाखवला, तिथल्या पेपरात चार ओळी चांगल्या छापून आल्या, आणि त्या वाचून मुंबईच्या एका कंपनीतून चारुदत्त नावाच्या माणसाचा फोन आला. मोबाईलवर घरबसल्या सिनेमे दाखवणारी ती कंपनी. चारुदत्तला सिनेमा आवडला होता. रंजिता तीन दिवस जमिनीवर नव्हती. प्रितमनं तर कंपनीच्या जाहिरातीत आपलं नाव कुठं येईल ते आखून ठेवलं.

"एकच आहे," रंजिता बाजारात येऊन गंगाबाईला म्हणाली. तिचं लक्ष पाटीतल्या कोळंबीकडे होतं. "आवाज जरा साफ करायचाय. अंधेरीला स्टुडिओ आहे. तुम्हीही चला, बघायला."

गंगाबाईला वाटलं, जिन्यात वारा फार यायचा, तो काढत असतील. तिनं गुरुवारी बाजार बुडवला, नव्यातलं लुगडं नेसली आणि प्रितमच्या गाडीत बसली.

स्टुडिओ म्हणजे गाद्या लावलेली खोली. काचेपलीकडे एक तरणी मुलगी कानाला हेडफोन लावून उभी होती. चारुदत्त चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं गंगाबाईला स्वतः खुर्ची दिली, चहा मागवला. मग पडद्यावर आठवा मजला आला. गंगाबाईनं पाटी टेकवली, मान पुसली, बाहेर पाहिलं, तोंड उघडलं आणि त्या तोंडातून दुसरीच बाई बोलली, "खाडीचं दृश्य दाखवून घरं विकतात, आणि खाडीतली मासळी मात्र जिन्यानं न्यायला लावतात."

गंगाबाईनं कप खाली ठेवला. तिला आधी वाटलं, आपल्याला ऐकू नीट येत नाही. तेवढ्यात ते पुन्हा लावलं. तोंड तिचं, दात तिचे, घाम तिचा, आणि बोलत होती काचेमागची मुलगी.

"ही कोन बोलतं?"

 रंजिता खाली बघत होती.

"मावशी, ती रिया," चारुदत्त म्हणाला. "फार चांगली आर्टिस्ट आहे. त्याचं असं आहे, आपला सिनेमा नागपूरला, लातूरला, सगळीकडे बघितला जाणार. तिथल्या लोकांना तुमची भाषा कळणार नाही. कळलं नाही की माणूस दोन मिनिटांत दुसरीकडे जातो. सिनेमा तुमचाच आहे. फक्त बोलणं सोपं केलंय."

गंगाबाई चारुदत्तकडे वळली.

"मी पनवेलच्या बाजारात बसतंय," ती म्हणाली. "नागपूरवाला येतं, युपीवाला येतं, मद्रासी येतं, पंजाबी येतं. सगल्यांशी मी अशीच बोलतंय. बत्तीस वर्सांत कोन मना बोलला नाय, बाई, समजलं नाय म्हनून मासली नको."

"बाजाराचं वेगळं असतं हो, मावशी."

"आता मी बोलली ते तुमाला समजलं?"

चारुदत्त म्हणाला, "मला समजलं."

"तुमी खंचं?"

"मी मूळचा लातूरचा."

काचेपलीकडे रिया फसकन हसली. तिचा माईक चालू होता. मग ती हेडफोन काढून बाहेर आली, गंगाबाईजवळ वाकून म्हणाली, "मावशी, मी सकाळपासून चौदा वेळा केलं. तुमचं तोंड मिटतं आणि माझं वाक्य चालूच असतं. बसतच नाही ते." ती हे तक्रारीनं नाही, मनापासून सांगत होती. गंगाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. या पोरीशी तिचं काही भांडण नव्हतं.

चारुदत्तचा आवाज तरीही चढला नाही. तो म्हणाला, की कंपनीचं धोरण ठरलेलं आहे, नावही "अकरा माळे" असं शुद्ध करावं लागेल, आणि कागदोपत्री सगळा हक्क रंजिताचा आहे. तिनं हो म्हटलं की झालं. गंगाबाईनं रंजिताकडे पाहिलं. रंजिता म्हणाली, "सर, मी दोन दिवसांत कळवते." ते बोलणं इतकं घासूनपुसून होतं की गंगाबाईला वाटलं, हिचाही आवाज काचेमागून कुणी देतंय की काय.

परतीच्या वाटेवर वाशीचा पूल आला. मग प्रितमच बोलला. दोन वर्षं आपण रविवार घातलेत, तो म्हणाला. कंपनीनं नाही घेतला तर हा सिनेमा कुणी बघणारच नाही. हार्ड डिस्कमध्ये पडून राहील. आवाज बदलला म्हणून चेहरा कुठं जातो? तो वाईट बोलत नव्हता. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

गंगाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि रंजिताला विचारलं, "तू घरी आयशीबरोबर कशी बोलतंस?"

 खारघर गेलं, मग रंजिता खिडकीबाहेर बघतच सांगू लागली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिनं वर्गात उभं राहून "पानी" म्हटलं होतं. बाईंनी तिला तीनदा "पाणी" म्हणायला लावलं, तिन्ही वेळा तिला ते आलं नाही, आणि वर्ग हसला. बाई दुष्ट नव्हत्या, त्यांना वाटत होतं त्या शिकवताहेत. त्या रात्री रंजितानं आरशासमोर उभं राहून ण म्हणायचा सराव केला. महिनाभरात ती त्या वर्गासारखी बोलू लागली आणि घरी गेली की आई म्हणायची, आमच्याशी अशी साहेबिणीसारखी काय बोलतेस.

"तवा तुजा आवाज काढला," गंगाबाई म्हणाली. "आता माजा काढाया तू मना गारीत घालून नेलंस."

 पनवेल आलं. उतरताना गंगाबाई रंजिताला म्हणाली, "तोंड दावाचं आसंल तर आवाज बी दावाचा. नायतर दोनी काढ. ठान्याच्या बाईची कंबर बरी झाली आसंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी रंजिता बाजारात आली. भामा आणि गंगाबाई दोघींच्या पाट्यांमध्ये उभं राहून तिनं फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा.

"चारुदत्त सर, मी रंजिता बोलतंय. आमाला ते नाय जमाचा."

पलीकडून आवाज आला, "काय म्हणालात?"

"तुमाला समजलंय," रंजिता म्हणाली आणि फोन ठेवला. मग भामानं तिला उलट्या क्रेटवर बसवून लिंबू सरबत पाजलं.

प्रितमला कळलं तेव्हापासून तो फोन उचलेनासा झाला. त्याचा राग गंगाबाईला समजत होता. त्यानं म्हटलेलं खरं होतं: आता सिनेमा बघणार कोण? रंजिता पनवेलमधल्या एका थिएटरच्या मॅनेजरला भेटून आली. माणूस सज्जन होता, पण सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेला सिनेमा तिकीट लावून दाखवता येत नाही, हे त्यानं स्वच्छ सांगितलं. सर्टिफिकेट म्हणजे कागद, खेपा आणि महिने.

"तिकीट लावाचं नाय मंग," गंगाबाई म्हणाली. "घरच्या मान्सांना दावला तर?"

"घरची माणसं किती येतील, मावशी? वीस?"

गंगाबाईनं भामाकडे पाहिलं. भामाच्या मुलाचं, निकेशचं लग्न वीस दिवसांवर होतं आणि कोळीवाड्यातली हळद म्हणजे हजार पानं उठणार. मंडप, डीजे, आणि मंडपाच्या तोंडाशी भिंतीएवढा एलईडी पडदा, ज्याच्यावर नवरदेवाचे फोटो फिरत राहतात.

"तुज्या पडद्यावर आठ वाजस्तो काय चालतं?" गंगाबाईनं विचारलं.

"निकेशचं फोटू."

"निकेशला लोकांनी बगितलाय."

भामा कोळंबी सोलत होती, ती थांबली. "हलदीत सिनेमा लावतंस?"

"हलदीला आमंत्रन देऊनच लोकं येतान. तिकीट नाय काय नाय. साडेपाचला लावाचा, सातला आटपतं. मंग नाचा सकाल होईस्तो."

 भामानं दोन अटी घातल्या. आधी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, तिचे धवळे होतील, देवाचा मान पहिला. आणि दुसरी, सिनेमात भामाची पाटी कुठं तरी दिसली पाहिजे. पाटी दिसतच होती, तिसऱ्या मिनिटाला, भामासकट.

हळदीच्या दिवशी गंगाबाईला पहाटेपासून जेवण गेलं नाही. धवळे झाले, नवरदेवाला हळद लागली, बायकांनी एकमेकींना लावली. मंडपाच्या खांबाशी कॅमेरा घेऊन प्रितम उभा होता. हळदीचं शूटिंग त्यालाच मिळालं होतं; तो रंजिताकडे न बघता लेन्स पुसत होता. रंजितानं डीजेवाल्याच्या हातात पेन ड्राइव्ह दिला आणि पडद्यावरचा निकेश गेला.

पहिली दहा मिनिटं कठीण गेली. लोक बोलत होते, पोरं पडद्यासमोरून धावत होती, एक पाहुणा सरबताचा ट्रे घेऊन बरोबर मध्ये उभा. ऊन अजून उतरलं नव्हतं, पडद्यावर रंग फिके दिसत होते. दोन म्हातारे उठून बाहेर गेले. रंजिताचा चेहरा पडला. मग पडद्यावर सोसायटीची नोटीस लागली आणि गंगाबाईनं पाटी उचलून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "गप बसा रं." मंडप गप झाला.

डीजेच्या स्पीकरचे डबे ढोलासाठी लावलेले. त्यातून गंगाबाईचा श्वास आला तो सगळ्यांच्या छातीत धडकला. दुसरा मजला, तिसरा मजला. बायका मोजू लागल्या. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. आठव्या मजल्यावर तिनं पाटी टेकवली आणि बोलली, "खारीचा नजारा दाखवून घर इकतान, नि खारीची मासली जिन्यानं."

मंडप फुटला. हसण्याला सुरुवात झाली ती टाळ्यांवर गेली, शिट्ट्या आल्या आणि भामा उभी राहून डीजेवाल्याला म्हणाली, "परत लाव." त्यानं मागे घेतलं. रंजिता धावली, सिनेमा असा मागे घ्यायचा नसतो, म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा सगळा मंडप गंगाबाईबरोबर ते वाक्य म्हणाला आणि तो आवाज पत्र्यांवरून, खाडीवरून पलीकडच्या टॉवरांवर जाऊन आदळला. गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं टॉवरचा वॉचमन सायकलवरून आला. "साहब लोग बोल रहे हैं, आवाज कम करो."

"किती वाजलं?" गंगाबाईनं विचारलं.

"सवा छह."

"धा वाजस्तो चालतं. बस. जेऊन जा."

तो उभ्याउभ्या पडदा बघत राहिला, मग सायकल स्टँडला लावून मागच्या खुर्चीवर बसला. त्याची शिट्टी गळ्यातच होती.

सिनेमा संपला तेव्हा लोक लगेच उठले नाहीत. सोसायटीनं ठराव मागे घेतलाच नव्हता. बाई चढतच राहते आणि सिनेमा थांबतो. एका पोक्त बाईनं रंजिताला विचारलं, "मंग पुरं काय?" रंजिता म्हणाली, पुढं काही नाही, ती चढतेय. बाई म्हणाली, "हां. तसंच हाय ते." आणि हात धुवायला गेली.

प्रितम रंजिताजवळ आला. त्यानं सिनेमाभर पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे टिपले होते. "हळदीचं शूट अर्धं राहिलं," तो म्हणाला. "भामाबाई मारेल मला." मग दोघं आडोशाला जाऊन ते चेहरे कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर बघत बसले. गंगाबाईला त्यांनी बोलावलं, पण ती आली नाही. तिला एकदम भूक लागली होती.

त्या हळदीला दिघोड्याचे पाहुणे होते, न्हाव्याचे होते. आठवड्यात गंगाबाईच्या पाटीशी येऊन लोक विचारू लागले, आमच्याकडे लावता काय. दिघोडं झालं, जासई झाली, करंज्याला भर पावसासारख्या दवात लोक शाल घेऊन बसले. मोऱ्याला, गंगाबाईच्या माहेरी, भाऊ दादूनं जेटीजवळच्या मोकळ्या जागेत जाळी टाकून माणसं बसवली आणि सिनेमा संपल्यावर बहिणीला एवढंच म्हणाला, "गुरघं दुखत व्हतं तर सांगाचं नाय?" कुठं लोकांना आवडला, कुठं अर्ध्यात डीजे लावा म्हणून पोरांनी आरडाओरडा केला. एका ठिकाणी वराच्या मामाला तो आपल्याच इमारतीबद्दल आहे असं वाटलं आणि त्यानं पडदा बंद करायला लावला. गंगाबाई त्या मंडपातही जेवून निघाली.

मार्चमध्ये चारुदत्तचा पुन्हा फोन आला. प्रितमनं टिपलेले चेहरे फिरत फिरत कुणाच्या तरी मोबाईलवर त्याच्या साहेबांपर्यंत गेले होते. आता सिनेमा आहे तसा चालेल, तो म्हणाला, आवाजही तोच, नावही तेच, खाली अक्षरं टाकू. फक्त यापुढं हळदीत लावायचा नाही. एका आठवड्यात सही हवी.

रंजिता बाजारात आली आणि तिनं या वेळी काही न लपवता सगळं सांगितलं. प्रितमही बरोबर होता. त्याला काय हवं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

गंगाबाई बोंबील निवडत होती. "किती हलदी कबूल केल्यात?"

"मे महिन्यापर्यंत अकरा," रंजिता म्हणाली.

"त्यांना काय सांगाचं? तुमची हलद लहान हाय म्हनून?"

"मावशी, तो थांबणार नाही."

"त्याला इचार. लगीनसराई आटपली का ये म्हनावं."

रंजितानं विचारलं. चारुदत्त म्हणाला, कळवतो. ते त्यानं कधीच कळवलं नाही. "अकरा माले" आजही कुठल्या मोबाईलवर मिळत नाही. रंजिता अजून आठवडाभर दुसऱ्यांच्या वराती जोडते. प्रितम कधी कधी म्हणतो, घेतलं असतं तर, आणि मग स्वतःच विषय बदलतो. गंगाबाईला त्याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणते, शनिवारी चिरनेरला या, साडेपाचला, जेवूनच जा.